शूटिंगसाठी कोच लावावा, की आपला आपण सराव पुरे?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, ते आज विचारतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. वय ३६. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन पोझिशनच्या रायफल शूटिंगचं ब्रॉंझ घेतलं, त्या दुपारी आमच्या शॉपमधली सगळी मशिनं बंद होती. आम्ही आठ जण एका मोबाईलभोवती उभे. गुडघ्यावरचं आणि झोपून मारायचं संपलं तेव्हा गडी मागं होता. उभ्यानं सुरू झालं आणि एकेकाला मागं टाकत तो तिसऱ्यावर आला. ४५१.४. तो आकडा मी खडूनं मशिनच्या पत्र्यावर लिहिला. अजून कुणाला पुसू दिलेला नाही.

त्याच दिवाळीत एअर रायफल घेतली. स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. गच्चीवर टेपनं १० मीटर मोजले, कागदी टार्गेट आणली आणि सुरू केलं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ४० शॉट. पहिल्या आठवड्यात दहा शॉटची सिरीज १०० पैकी ५८ ची होती. तीन महिन्यांत ७८ वर आलो. आणि तिथून पुढं पाच महिने झाले, ७८ ते ८१ च्या पुढं जात नाही. शॉट वाढवून ८० केले, तरी तेच. उलट कधीकधी ७४ येतात.

व्हिडिओ बघून जेवढं शिकता येतं तेवढं शिकलो. आता कोच लावायचा म्हटलं तर महिन्याची फी माझ्या आठवड्याच्या मजुरीएवढी आहे. घरात दोन पोरं शिकतायत. पैसे द्यायची तयारी आहे, पण कोच असं काय देतो जे मला स्वतःला मिळणार नाही, ते कळू दे. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगावं.

---

पंचगंगाकाठ

माझं मत सरळ आहे. कोचवर पैसे घालवू नका.

मी एका अकॅडमीत दीड वर्ष काढलं. नाव घेत नाही. सहा लेन, चाळीस पोरं आणि एक कोच. ते दोन तासांत माझ्या लेनला येऊन दोनदा "चांगलं चाललंय, होल्ड वाढव" म्हणायचे, म्हणजे नेम जास्त वेळ स्थिर धर. स्पर्धा जवळ आली की सगळं लक्ष पदक आणणाऱ्या चार पोरांवर. बाकीच्यांनी फी भरायची आणि पेलेट (छर्रे) संपवायचे.

सोडलं आणि घरी सुरू केलं. एक वही केली, त्यात रोजचं लिहितो. वर्षभरात माझी सिरीज आठ गुणांनी वर गेली. शेवटी रायफल तुम्हीच धरणार, ट्रिगर तुम्हीच दाबणार. लेनमध्ये उभं राहिल्यावर कोच मागच्या खुर्चीत असतो.

---

दुधाळी_लेन_४

उद्यमनगरकर दादा, मी सहावीपासून आठ वर्षं रायफल मारली. दुधाळीच्या रेंजवर सुरुवात, पुढं राज्य स्पर्धा, दोनदा कॅप्टन एझिकेल स्पर्धा. आता नोकरीत आहे, मारत नाही, पण विषय निघाला की राहवत नाही.

तुमचे ७८ का अडकलेत याचा अंदाज मी इथं बसून बांधू शकते, पण नक्की सांगू शकत नाही, कारण मी तुम्हाला मारताना पाहिलेलं नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. टार्गेट तुम्हाला शॉट कुठं गेला एवढंच सांगतं. का गेला ते सांगत नाही. डावीकडं खाली गेलेला शॉट ट्रिगर ओढल्यामुळं जाऊ शकतो, पाय चुकीचे असल्यामुळं जाऊ शकतो, शॉट सुटायच्या आधीच डोकं उचलल्यामुळंही जाऊ शकतो. तिन्हीचं भोक कागदावर एकसारखंच दिसतं.

तुम्ही लेथवर आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगते. मागची साईट आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणा, यांत अर्धा मीटर अंतर धरा. माशी एक दशांश मिलिमीटर हलली की १० मीटरवर छर्रा दोन मिलिमीटर सरकतो. आणि एअर रायफलच्या टार्गेटवर एका घराची रुंदी अडीच मिलिमीटर. दहाचं घर म्हणजे तर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. व्हर्नियरवर मोजाल एवढी चूक तुमच्या अंगात कुठून येतेय, हे तुमचं तुम्हाला आतून दिसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं.

आता एक गोष्ट आजच करून बघा. रायफल रिकामी आहे याची खात्री करा. पोझिशन घ्या, नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा. डोळे उघडा. माशी टार्गेटवर आहे का बाजूला गेली? बाजूला गेली असेल तर याचा अर्थ तुम्ही रोज हातानं जोर लावून रायफल टार्गेटवर आणताय. पहिले वीस शॉट जोर टिकतो, पुढं हात थकतो. तुम्ही ८० शॉट मारल्यावर ७४ का येतात, ते यातून कळेल. उपाय हाताचा नाही, पायाचा आहे. डावीकडं जात असेल तर मागचा पाय थोडा सरकवायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे. आम्ही याला एनपीए म्हणायचो, नॅचरल पॉइंट ऑफ एम, म्हणजे अंग सैल असताना नेम आपोआप जिथं राहतो ती जागा. नवीन पोरांना पहिले आठ दिवस आमचे सर एवढंच करायला लावायचे. छर्रा हातात देत नसत.

आणि स्प्रिंगची रायफल आहे म्हणून मुद्दाम सांगते: छर्रा न भरता ट्रिगर दाबू नका. आत पिस्टन जोरात आदळतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. व्हिडिओत जी ड्राय प्रॅक्टिस दाखवतात ती हवेच्या सिलिंडरच्या मॅच रायफलवर असते, तिला त्यासाठी वेगळी सोय असते.

एक विचारू? गच्चीवर टार्गेटच्या मागं काय आहे?

---

उद्यमनगरकर

ताई, डोळे मिटून बघितलं. माशी चांगली एक वीत उजवीकडं गेली होती. तीनदा केलं, तिन्ही वेळा उजवीकडंच. आठ महिने मी हे करत होतो तर.

गच्चीचं विचारलंत, ते खरं सांगतो. सुरुवातीला जुन्या कपाटाची फळी उभी करून त्यावर टार्गेट लावत होतो. मागं पाण्याची प्लास्टिकची टाकी. दुसऱ्या महिन्यात एकाच जागी छर्रे बसून बसून फळीला आरपार भोक पडलं, ते माझ्या लक्षात आलं नाही. एक दिवस खालून बायकोनं हाक मारली की गच्चीवरून पाणी येतंय. टाकीला बारीक छिद्र. मी तिथं उभा राहून त्या पाण्याच्या धारेकडं बघत होतो. टाकी तिथं नसती तर मागच्या वाड्याच्या खिडक्या सरळ रेषेत होत्या. त्या घरात म्हातारी आजी सकाळी खिडकीशी बसून तांदूळ निवडते.

त्या दिवसापासून टार्गेट जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लावलंय, मागं विटा. पण अंगावर काटा अजून येतो.

---

निवृत्त सुभेदार

उद्यमनगरकर, तुम्ही हे लपवलं नाहीत, त्याबद्दल तुमचं कौतुक. आता माझं ऐका.

तुम्ही कोच काय देतो विचारलंत ना, पहिलं हे देतो. गुण नंतर. मी फौजेत २४ वर्षं काढली, त्यातली सहा जवानांना फायरिंग शिकवण्यात. भरती झालेल्या पोराला आम्ही पहिले कितीतरी दिवस गोळी देत नाही. हत्यार खोल, जोड, तपास, खाली करून दाखव. नळीच्या टोकावर नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा, नाणं पडता कामा नये. रात्री बराकीत पोरं तेच करत बसायची. मग फायरिंग.

तीन गोष्टी हाडात गेल्याशिवाय कुणालाही रेंजवर उभं करत नाही. रिकामं हत्यारसुद्धा भरलेलंच समजायचं. ज्याच्यावर गोळी मारायची नाही त्याच्याकडं नळी एक क्षणही फिरवायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही. आणि टार्गेटच्या मागं काय आहे ते बघितल्याशिवाय गोळी सोडायची नाही, ही चौथी. हे वाचून समजतं, पण हातात येत नाही. हातात आणायला कुणीतरी डोक्यावर उभा राहून शंभरदा ओरडावं लागतं. मी ओरडायचो. पोरं शिव्या देत असतील मागं. पण माझ्या हाताखाली सहा वर्षांत एकाला साधी खरचटही आली नाही.

---

गंगावेस_१९८१

तालमीत वाढलेला माणूस आहे, शूटिंगमधलं कळत नाही. पण हजार जोर काढणारा पोरगा आणि वस्तादानं मानगुटीवर हात ठेवून डाव बसवलेला पोरगा, खासबागेत कुस्ती लागली की पहिल्या मिनिटात ओळखू येतात. मेहनत दोघांचीही असते.

---

म्हसोबाचा माळ

मी राधानगरी तालुक्यातला. आमच्याकडं गवं आणि रानडुकरं दोन्ही. ऊस, भात काय ठेवत नाहीत. वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना होता, आता माझ्या. दुनळी बारा बोअर.

मला कुणी शिकवलं नाही. वडील घेऊन जायचे, मी बघायचो. गव्याला हात लावायचा नाही, तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, नुसता बार काढून हुसकायचा, हे त्यांनी पक्कं सांगितलेलं. पण बंदूक कशी वागवायची हे वेगळं शिकवायची गोष्ट आहे, असं त्यांनाही कधी वाटलं नाही. त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

सहा वर्षांमागची गोष्ट. रात्री दोनला धाकटा भाऊ आणि मी रानात निघालो. दोन्ही नळ्यांत काडतुसं. बांध ओलांडायचा होता, पाऊस पडून गेलेला, चिखल. मी एका हातात बंदूक घेऊन वर चढलो आणि पाय निसटला. पडताना बोट आत गेलं. बार झाला. भाऊ माझ्या खाली उभा होता. त्याच्या पायापासून हातभर अंतरावर मातीत एवढा मोठा खड्डा पडला. त्याच्या तोंडावर चिखल उडाला, आणि तो चिखल पुसायच्या ऐवजी नुसता पायाकडं बघत राहिला. दोघं तिथंच बसलो. गवं राहिले बाजूला.

नंतर परवाना नूतनीकरणाच्या वेळी हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतलं. पहिल्याच तासाला सांगितलं, कुंपण, बांध, ओढा ओलांडायचा असेल तर बंदूक उघडायची, काडतुसं काढून खिशात टाकायची, मग पलीकडं जायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. माझ्या घरात दोन पिढ्या बंदूक होती आणि हे अर्ध्या मिनिटाचं काम कुणाला माहीत नव्हतं.

लोक म्हणतात बंदुकीला काय शिकायचं, रानात वापरून येतं. मीबी तेच म्हणायचो.

---

पंचगंगाकाठ

@म्हसोबाचा माळ, वाचून गप्प झालो. भाऊ सुखरूप आहे हे महत्त्वाचं.

सुभेदारसाहेब, सुरक्षेबद्दल माझं काही म्हणणंच नाही. ते शिकलंच पाहिजे, आणि ते मला अकॅडमीनंच शिकवलं, हे कबूल करतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. सुरक्षा आठ दिवसांत शिकून होते. नंतर वर्षानुवर्षं फी कशासाठी?

---

गुजरीवाला

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारतो. आमचं गुजरीत पिढीजात दुकान. माल घेऊन ये-जा असते म्हणून माझ्याकडं परवान्याचं पॉइंट थर्टी टूचं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या कारखान्याचं. बारा वर्षं झाली. घेतलं तेव्हा चार गोळ्या मारल्या होत्या. त्यानंतर निवडणूक आली, आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचं आणि निकालानंतर आणायचं, एवढाच त्याचा प्रवास. बाकी तिजोरीत.

परवा मुलगा म्हणाला, "पप्पा, खरंच वेळ आली तर तुम्हाला चालवता येईल का?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्यासारख्यानं काय करावं?

---

निवृत्त सुभेदार

शेटजी, तुमच्या मुलानं योग्य प्रश्न विचारलाय, आणि खरं उत्तर आहे, "नाही."

बारा वर्षांत चार गोळ्या मारलेल्या माणसाचे हात वेळेला थरथरतात. छातीत धडधडतं, बोटांतली बारीक हालचाल जाते, समोरचं तेवढं दिसतं आणि आजूबाजूचं दिसत नाही. हे मी शिकलेल्या जवानांच्या बाबतीत पाहिलंय. न शिकलेल्याचं काय होईल विचार करा. आणि गुजरीसारख्या गल्लीत तुमच्या गोळीच्या रेषेत किती माणसं असतील? चुकलेली प्रत्येक गोळी तुमच्या नावावर आहे. कायद्यानंही, आणि रात्री झोपताना मनातही.

तेव्हा दोनच मार्ग. एक, मान्यताप्राप्त ठिकाणी नीट प्रशिक्षण घ्या आणि दर काही महिन्यांनी रेंजवर जाऊन ते ताजं ठेवा. दोन, ते जमणार नसेल तर परवाना परत करा आणि माल नेण्यासाठी सुरक्षा रक्षकांची गाडी लावा. तिजोरीत पडलेलं रिव्हॉल्व्हर तुमचं रक्षण करत नाही, घरात धोका मात्र ठेवतं. तुमच्याबाबतीत "घरी आपला आपण सराव" हा तिसरा मार्ग नाहीच. परवान्याच्या हत्याराचा बार घरात, शेतात, लग्नात काढायचा नसतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण परवान्याच्या प्रक्रियेतच आणलंय. तुमचा परवाना जुना असला म्हणून हात शिकलेले होत नाहीत.

---

गुजरीवाला

स्पष्ट बोललात, बरं वाटलं. घरात बोलतो.

---

सातवीतल्या_मुलीची_आई

मुलीला शूटिंग लावायचंय. आपल्या कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांचं ऐकून तिनं डोक्यात घेतलंय. परदेशी मॅच रायफल दोन-तीन लाखांच्या घरात, वर जॅकेट, पँट, बूट. एवढं कुठून आणायचं? आधी घरी साध्या रायफलवर तयार करून मग कोचकडं पाठवलं तर चालेल का?

---

दुधाळी_लेन_४

ताई, उलट करा. आधी कोचकडं पाठवा आणि पहिलं वर्ष काहीच विकत घेऊ नका. बहुतेक ठिकाणी क्लबची रायफल वापरायला मिळते, जॅकेटही जुनं मिळतं. मी पहिली दोन वर्षं दुसऱ्या मुलीचं जॅकेट घालून मारलं, कोपराला तिनं लावलेलं ठिगळ होतं. सुरुवातीला ओपन साईटमध्येही (साध्या उघड्या साईटच्या रायफलवर) खेळता येतं, त्याला जॅकेट-बिकेट लागत नाही. मुलीला गोडी टिकली, कोचना तिच्यात काही दिसलं, तर पुढचा खर्च.

वाढत्या वयाच्या मुलीला घरी चुकीच्या उभं राहण्याची सवय लागली तर पाठ धरते, ते निस्तरणं फार अवघड. उभ्यानं मारताना कंबर पुढं काढून पाठीला बाक द्यावा लागतो, पाच किलोच्या आसपासची रायफल हाडांवर तोलायची असते. तो बाक किती, हे प्रत्येकीच्या उंचीवर ठरतं. ते बघणारं माणूस हवंच.

पेलेटचा हिशेब आत्ताच करून ठेवा. डबीत ५०० असतात. रोज ६० मारले तर एक डबी आठ दिवसांत जाते. आणि छर्रे शिशाचे असतात, मुलीला मारून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ देऊ नका. रेंजवरचा डबा तिथंच उघडून खाणारी मुलं मी पाहिलीत.

आता पंचगंगाकाठ, तुमच्या प्रश्नाकडं येते. सुरक्षा शिकल्यावर पुढं फी कशाची?

राही सरनोबत २०१३ मध्ये वर्ल्ड कपचं सुवर्ण घेऊन आली होती. त्यानंतर कोपराची दुखापत झाली. परत यायचं ठरवलं तेव्हा तिनं मुंखबायर दोर्जसुरेन यांच्याकडं शिकायला सुरुवात केली. या बाई १९९२ मध्ये मंगोलियाकडून आणि २००८ मध्ये जर्मनीकडून, दोन्ही वेळा २५ मीटर पिस्तूलमध्येच ऑलिंपिक ब्रॉंझ घेतलेल्या. आणि २०१८ च्या एशियाडमध्ये राहीनं सुवर्ण घेतलं, शूटिंगमध्ये ते घेणारी पहिली भारतीय महिला. वर्ल्ड कप जिंकलेल्या मुलीला सुरक्षा शिकायची नव्हती, ट्रिगर कसा दाबायचा हेही शिकायचं नव्हतं. तिला स्वतःतलं जे दिसत नव्हतं ते बघणारं माणूस हवं होतं. अभिनव बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती. २००८ चं सुवर्ण त्यानं मारलं तेव्हाही त्याच्यामागं गॅबी बुलमान होत्या. आपल्या स्वप्नीलच्या मागं दीपाली देशपांडे, त्या स्वतः अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या.

पण तुमचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. चाळीस पोरांमागं एक कोच हे प्रशिक्षण नाही, ते लेनचं भाडं आहे. ते सोडलंत हे बरोबरच केलंत. आणि तुमची वही! माझ्या सरांनी पहिल्या दिवशी मला वहीच आणायला लावली होती. प्रत्येक शॉटनंतर स्क्रीनकडं बघायच्या आधी तो कुठं गेला असेल ते सांगायचं, मग बघायचं. सांगितलेलं आणि झालेलं दोन्ही लिहायचं. वहीत दोन्ही जुळायला लागले की सर म्हणायचे, आता तू एकटी सराव करायला मोकळी. जुळत नसतील तोवर एकटीनं मारलेला प्रत्येक शॉट म्हणजे चूक पक्की करणं. तुम्ही वहीत काय लिहिता?

---

पंचगंगाकाठ

फक्त गुण लिहितो. शॉट आधी सांगणं हे कधी केलं नाही. उद्यापासून करतो.

---

कागलचा_विद्यार्थी

एक शंका. स्प्रिंगच्या साध्या एअर रायफलला परवाना लागतो का? काका म्हणतात लागतो.

---

निवृत्त सुभेदार

४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर (नळीच्या आतलं भोक) आणि २० ज्यूलच्या आत ताकद असेल तर लागत नाही. त्यापुढची असेल तर लागतो. पण परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं नाही. वर टाकीची गोष्ट वाचा.

---

उद्यमनगरकर

मंडळी, साडेतीन महिन्यांनी लिहितोय. या धाग्यामुळं ठरवलं आणि फी भरली. तीन महिन्यांची, त्यापुढचं नंतर बघू म्हटलं. जागा निवडताना एकच विचारलं, एका वेळी किती जण असतात. सहा म्हणाले, आणि जाऊन मोजले तर सहाच होते.

पहिल्या दिवशी सर माझ्या डाव्या बाजूला स्टूल टाकून बसले. वीस शॉट होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, टार्गेटकडं तर बघितलंही नाही. माझ्याकडंच बघत होते. मग म्हणाले, "तुझी रायफल ठेव. ही घे." क्लबची हवेची मॅच रायफल. म्हणाले, "मी भरून देणार, तू फक्त मारायचं." पाठ फिरवून भरायचे आणि हातात द्यायचे. चार शॉट गेले. पाचव्याला ट्रिगर दाबला, आवाज वेगळाच आला आणि छर्रा गेलाच नाही. त्यांनी आत घातलाच नव्हता. आणि मी डोळ्यांनी बघितलं, झटका नसतानाही माझ्या हातानं नळी आपोआप बोटभर खाली मारली. खांदाही पुढं आला होता.

सर म्हणाले, "हे तू दर वेळी करतोस. छर्रा असला की झटक्यात लपतं." स्प्रिंगची रायफल पुढं-मागं दोन्हीकडं धक्का देते, आणि आठ महिने मी तो धक्का यायच्या आधीच त्याला अडवायला शिकलो होतो. रोज ४० शॉट, नंतर ८०. जेवढा जास्त सराव, तेवढं ते अंगात मुरलं. मी घरी पोचलो तरी बराच वेळ गप्प होतो. बायकोनं विचारलं काय झालं. म्हटलं, आठ महिने रोज पहाटे उठून मी हेच पक्कं करत होतो.

ते काढायला सात आठवडे लागले. पहिला महिना तर सिरीज ७० च्या खाली गेली. पंधरा दिवस मनात सोडून द्यायचं होतं. सरांनी टार्गेटच काढून टाकलं, पांढऱ्या कोऱ्या कागदावर मारायला लावलं, म्हणजे गुणांकडं लक्षच जाऊ नये. शॉट सुटल्यावर दोन सेकंद तसंच थांबायचं, गाल दस्त्यावरून उचलायचा नाही, माशी कुठं थांबली ते बघायचं. डावा डोळा मी घट्ट मिटून घेत होतो, त्यानं उजवाही शिणत होता. कपाळपट्टीला प्लास्टिकची पट्टी लावून दिली. ३० मिलिमीटर रुंदीपर्यंतची स्पर्धेतही चालते. दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतो आता.

आता पंचगंगाकाठांचं जे खरं आहे तेही सांगतो. सर आठवड्यातून दोनच दिवस भेटतात. बाकी पाच दिवस मी घरीच असतो. होल्डिंग, एनपीए, वही, सगळं एकट्यानं. गुण वाढले ते त्या पाच दिवसांत वाढले. फक्त त्या पाच दिवसांत काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्या दोन दिवसांत ठरतं.

कालची सिरीज ८८. त्यात शेवटचे तीन शॉट मी बघायच्या आधी बरोबर सांगितले. फी पुढच्या तीन महिन्यांची भरली.

अजून एक. टाकीची गोष्ट डोक्यातून जात नव्हती म्हणून शॉपमध्ये छर्रे अडवायची पेटी बनवली. तीन मिलिमीटरचा पत्रा, आत ४५ अंशात खाली झुकवलेला, छर्रा आदळून चपटा होतो आणि खालच्या ट्रेमध्ये पडतो, परत येत नाही. पुढं पुठ्ठा लावायची खाच. त्यामागं विटांची भिंत आहेच. ज्यांना घरी सराव करायचाय त्यांनी आधी ही करून घ्या.

---

म्हसोबाचा माळ

उद्यमनगरकर, आमच्या गावात तीन पोरं एअर रायफल घेऊन आंब्याच्या झाडावर मारत असतात. तसल्या तीन पेट्या करून मिळतील का? पत्र्याचे पैसे देतो. आणि सुभेदारसाहेब, एखाद्या रविवारी आमच्याकडं येऊन त्या पोरांना बसवून दोन तास सांगाल का?

---

निवृत्त सुभेदार

येतो. पोरांचे आईबापही बसले पाहिजेत.

---

उद्यमनगरकर

पेट्यांना आठ दिवस द्या, पत्रा शॉपमध्ये पडलाय, पैसे नकोत. सुभेदारसाहेबांना माझ्या गाडीवर घेऊन येतो. भिंत कुठली वापरणार त्याचा फोटो आधी पाठवा, मागं काय आहे ते दिसेल असा.